परसबाग सुरू करताय? मदत कुठे मिळते आणि ती कशी मागायची

पाच वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या गॅलरीत मी मिरचीची सहा रोपं लावली. दीड महिन्यात सगळ्यांची पानं आक्रसली आणि कडा वरच्या बाजूला वळल्या. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं. ताक घातलं, चहाचा चोथा घातला, अंड्यांची टरफलं कुटून घातली. जे जे वाचनात आलं ते सगळं केलं. शेवटी एक फांदी पिशवीत घालून कृषी महाविद्यालयात घेऊन गेले. तिथल्या सरांनी टेबलावर पांढरा कागद ठेवला, फांदी त्यावर दोनदा झटकली आणि म्हणाले, "बघा." आधी काहीच दिसलं नाही. मग कागदावरची पिवळसर धूळ चालायला लागली.

"फुलकिडे आहेत. पान वर वळलं तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, म्हणजे माइट्स." सगळं मिळून दोन मिनिटांचं काम, आणि मी त्यावर दीड महिना घालवला होता.

घरच्या बागेसाठी आपल्याकडे चांगली मदत आहे आणि बरीचशी फुकट आहे. पण ती शेतकऱ्यांसाठी उभी केलेली असल्यामुळे शहरातल्या माणसाला तिचा पत्ताच नसतो. तो पत्ता, आणि तिथे जाऊन काय विचारायचं, हे इथे क्रमाने लिहिते आहे. हा क्रम मोडून आधी नर्सरी गाठू नका. मी तेच केलं होतं.

१. आधी जागेची चार उत्तरं लिहून काढा

कुणालाही काही विचारलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "ऊन किती?" तेव्हा "भरपूर आहे" हे उत्तर चालत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला गॅलरीचा फोटो काढा आणि ऊन नेमकं कुठल्या कोपऱ्यात किती वेळ पडतं ते वहीत लिहा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांना सहा तास थेट ऊन हवं. पालक, पुदिना, कोथिंबीर तीन-चार तासांवर निभावून नेतात.

हे मोजमाप वर्षातून दोनदा करा, डिसेंबरात आणि मे महिन्यात. दक्षिणेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन घरात आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर मात्र पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली कुंड्यांवर पडते. डिसेंबरात बहरलेला कोपरा मे महिन्यात का रुसतो, ते यावरून कळतं. दोष खताचा नसतो.

दुसरं उत्तर वजनाचं. गच्चीवर वाफा करायचा असेल तर हा हिशोब आधी करा. एक चौरस मीटर जागेवर एक फूट मातीचा थर म्हणजे तीनशे लिटर माती, आणि ती भिजली की पाचशे किलोच्या घरात जाते. भारतीय मानकात (आयएस ८७५) वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. म्हणजे मातीने भरलेला फूटभर खोल वाफा गच्चीला तिप्पट जड होतो. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफा घालूच नका. पालापाचोळा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं हलकं मिश्रण भरा आणि कुंड्या भिंतीच्या कडेने, तुळयांच्या वर ठेवा.

तिसरं उत्तर पाण्याचं: गच्चीवर नळ आहे का, आणि मे महिन्यात दिवसाआड पाणी आलं तर काय करणार? चौथं परवानगीचं. सामाईक गच्ची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी घ्या. कुंड्यांखाली ताटल्या ठेवू, जलरोधक थराला धक्का लावणार नाही, एवढं त्यात लिहिलं तरी अर्धा विरोध मावळतो. बंगल्याच्या अंगणात मोठं झाड असेल तर ऊन यावं म्हणून ते परस्पर तोडू नका. राज्यात शहरी भागासाठी १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते.

२. नावं शिका

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. "पानं खराब झालीत" असं शोधलं तर शंभर घरगुती उपाय सापडतात. "मिरचीवरील फुलकिडे" असं शोधलं की कृषी विद्यापीठाची माहिती समोर येते. आपल्या भाषेत या प्रत्येक दुखण्याला नेमकं नाव आहे. ते कळलं की अर्धं काम झालं.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं चिकटतं तो पिठ्या ढेकूण. वालाच्या कोवळ्या शेंड्यावर काळे बारीक किडे दाटीने बसतात तो मावा. पान हलवल्यावर पांढरे ठिपके उडतात ती पांढरी माशी. टोमॅटोच्या पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा उठतात ती नागअळी. दोडक्याच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ती भुरी. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून सगळं पान पिवळं होतं तो हळद्या. मिरचीची पानं आक्रसतात तो चुरडा-मुरडा, गावाकडे त्यालाच बोकड्या म्हणतात. आणि काल हिरवंगार असलेलं रोप मुळाशी पाणी असूनही आज माना टाकून बसलं असेल, तर मर रोगाची शंका घ्या.

नाव कळत नसेल तर फोटो काढून प्लँटिक्स हे ॲप वापरून पाहा, ते मराठीत आहे. झाडच ओळखू येत नसेल तर गुगल लेन्स किंवा प्लांटनेट. पण ॲपचं उत्तर पक्कं मानू नका. कीड, विषाणू आणि अन्नद्रव्यांची कमतरता या तिन्हींमुळे पान पिवळं पडतं आणि फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. पान उलटं करून मागची बाजू बघा, भिंगातून बघा, पांढऱ्या कागदावर झटकून बघा. वीस-तीस रुपयांचं भिंग माझ्याकडच्या सगळ्या अवजारांत जास्त उपयोगी ठरलं आहे.

३. कुणाला विचारायचं

पहिला फोन किसान कॉल सेंटरला करा. नंबर १८००-१८०-१५५१, पैसे लागत नाहीत, सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो आणि महाराष्ट्रातून लावला तर मराठीत बोलता येतं. ही सेवा २००४ पासून सुरू आहे. फोनवर आधी जिल्हा-तालुका विचारतात आणि मग पीक. इथे नवखे लोक "मी शेतकरी नाही" म्हणून संकोचतात. तसं काही करू नका. "घरची परसबाग आहे, कुंडीत मिरची आहे" असं सरळ सांगा. परसबाग हा कृषी खात्याच्या रोजच्या वापरातला शब्द आहे. "टेरेस गार्डन" म्हटल्यावर जो गोंधळ होतो, तो "परसबाग" म्हटल्यावर होत नाही.

फोनआधी एवढं लिहून जवळ ठेवा: पीक आणि वाण, लावून किती दिवस झाले, कुंडीचा आकार, गेल्या पंधरा दिवसांत काय काय घातलं आणि फवारलं, लक्षण आधी कुठे दिसलं, खालच्या जुन्या पानांवर की शेंड्याच्या नव्या पानांवर. शेवटचा मुद्दा विसरू नका. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, लोह कमी पडलं तर नवी. एवढ्या एका माहितीवर समोरचा माणूस अर्धं निदान करतो.

दुसरी जागा कृषी विज्ञान केंद्र. राज्यात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक तरी आहे. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव, पालघरला कोसबाड. गोव्यातल्या मंडळींसाठी जुन्या गोव्यातली केंद्रीय तटवर्ती कृषी संशोधन संस्था. इथे विषयतज्ज्ञ असतात, रोपं आणि बियाणं विकायला असतं, प्रशिक्षणं होतात. जाण्याआधी फोन करून उद्यानविद्येचे तज्ज्ञ कधी भेटतील ते विचारा, कारण ते पुष्कळदा शेतावर गेलेले असतात.

तिसरी जागा कृषी विद्यापीठं आणि त्यांची महाविद्यालयं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार विद्यापीठं. तुमचा भाग ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्याचाच सल्ला आधी घ्या. दापोलीचा सल्ला कोकणच्या तीन-चार हजार मिलिमीटर पावसासाठी असतो, तो सोलापुरात चालत नाही. पुण्यात शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय राहुरी विद्यापीठाकडे आहे. तिथे ॲझोटोबॅक्टर, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू यांसारखी जिवाणू खतं तयार होतात. विकत घेताना पाकिटावरची तारीख बघाच. हे जिवंत कल्चर असतं, मुदत संपली की ती नुसती भुकटी उरते.

नमुना नेताना एक काळजी घ्या. सुकलेलं, मेलेलं पान नेऊन उपयोग नाही. नुकतं दुखायला लागलेलं, थोडं हिरवं उरलेलं पान न्या, सोबत एक निरोगी पान आणि पूर्ण रोपाचा फोटो. सकाळी तोडा, कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. नमुना ओला करून प्लास्टिकमध्ये कोंडला की वाटेतच बुरशी येते.

आणि माणसं भेटायची तर पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन गाठा. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरतं. मुंबईत राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शनही त्याच हंगामात असतं. फुलं बघायला सगळेच जातात. तुम्ही मात्र बक्षीस मिळालेल्या कुंडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला "माती कशी बनवलीत?" एवढंच विचारा. मला तिथे भेटलेल्या एका आजींनी अर्धा तास उभ्याने शिकवलं आणि निघताना गवती चहाचा ठोंब दिला.

४. बी कुठून आणायचं

नवख्या माणसाने कृषी सेवा केंद्रातून, म्हणजे बी-खतांच्या दुकानातून, सीलबंद पाकीट घ्यावं हे बरं. पाकिटावर उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. टोमॅटोला ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के ही किमान उगवण धरली जाते. त्यामुळे दहातलं तीन-चार बी उगवलं नाही तर घाबरू नका. तारीख उलटलेलं पाकीट निम्म्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका. बी लाल-गुलाबी रंगवलेलं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा, आणि मेथी-धन्याचं तसलं बी स्वयंपाकघरात चुकूनही जाऊ देऊ नका.

संकरित (हायब्रिड) घ्यायचं की सुधारित? पहिल्या वर्षी माझं मत सुधारित वाणाला. त्याचं बी धरता येतं, संकरिताचं धरलं तर पुढच्या पिढीत काहीही निघतं. भेंडीत "परभणी क्रांती" हा मराठवाडा विद्यापीठाचा जुना वाण किंवा "अर्का अनामिका", पालकात "ऑल ग्रीन" ही नावं दुकानात सांगितली तर ओळखतात. अर्का नावाचे वाण बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे. त्यांचं बियाणं ऑनलाइन मागवता येतं, आणि घराला पुरेल अशा छोट्या पाकिटात मिळतं.

ऑनलाइन बाजारात शंभर भाज्यांचं एकच पाकीट मिळतं, ते टाळा. त्यात आपल्या हवेत न येणारी निम्मी नावं असतात आणि मुदत कुठेच नसते. निळी स्ट्रॉबेरी, काळा गुलाब अशा चित्रांवर तर पैसे घालवूच नका.

बी घेताना महिना बघा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी थंडीतले, गणपतीनंतर तयारी सुरू करा. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं उन्हाळा-पावसाळ्याचे. माझी उन्हाळ्यातली कोथिंबीर तीन वर्षं वाया गेली, कारण पस्तीस अंशांच्या वर ती पानं धरण्याआधी तुऱ्यावर जाते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

५. माती आणि खत: इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते

मी पहिल्यांदा एका दुकानातून "तयार मिश्रण" म्हणून चार गोण्या आणल्या. महिन्याभरात कुंडीतली माती विटेसारखी घट्ट झाली, पाणी कडेने वाहून खाली जायचं आणि मुळं कोरडीच राहायची. गोणीत नुसती लाल माती होती, वर मूठभर शेणखत.

आता मी घेताना दुकानातच परीक्षा करते. मूठभर मिश्रण घ्या, थोडं पाणी शिंपडा, लाडू वळा. वळलाच नाही तर वाळू किंवा कोकोपीट जास्त आहे. वळला, आणि अंगठ्याने ढकलल्यावर भसकन फुटला, तर चांगलं. ढकलूनही नुसता चपटा झाला तर चिकणमाती आहे, परत करा. चांगला दुकानदार ही परीक्षा करू देतो.

पुण्यात नर्सरीवाल्याकडे पोयटा (गाळाची) माती मागा. पोयटा एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट किंवा कुजका पालापाचोळा एक भाग, आणि दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, एवढी लागणार आहे का ते आधी बघा. ती दोन-तीन पाण्यांत धुवून घ्या, नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि कोवळी रोपं त्याने करपतात.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल, गोणीत हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते कुजलेलं नाही. मुरलेल्या खताला पावसाळ्यातल्या मातीचा वास येतो. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या कागदावर दोन दिवस पसरा आणि हाताने चाळा. अर्धगोल वळून बसलेली जाड पांढरी अळी दिसली तर वेचून काढा. ती हुमणी असू शकते आणि हुमणी मुळं खाते.

पुढच्या वर्षीचं खत मात्र स्वयंपाकघरातून काढा. भोकं पाडलेली बादली, तळाला सुका पाला, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला. वास आला म्हणजे सुकं कमी पडलं. पुणे महापालिका घरच्या घरी खत करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. प्रकल्पाचे फोटो, कर भरल्याची पावती आणि सोसायटीचं पत्र हाताशी ठेवा.

माती परीक्षण कुंडीवाल्यांना लागत नाही, खरं अंगण असेल तर करा. अंगणात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. नुकतंच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नका, अहवाल चुकतो. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात हे होतं.

६. रोप निवडताना

फळझाड घ्यायचं तर परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि वाणाचं नाव लिहिलेली पावती मागा. लिंबाचं रोप आहे की कलम, हे विचारा. कलमाचा सांधा बोटाला लागतो. सांध्याखालून फुटलेली फांदी वाढू दिली तर खालच्या खुंटाचंच झाड होतं. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका, कळ्या असलेलं घ्या. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गोल फिरली असतील तर ते रोप जुनं आहे. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे. किंमत शहरातल्यापेक्षा कमी पडते, पण दोन-तीन घरांची यादी एकत्र करून गेलात तरच गाडीखर्च निघतो.

७. एकराचा सल्ला कुंडीला लावताना

आता सल्ला मिळेल तो "हेक्टरी वीस टन" किंवा "पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली" असा. घाबरू नका. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. वीस टन भागिले दहा हजार, म्हणजे चौरस मीटरला दोन किलो. बारा इंची कुंडीचं तोंड त्याच्या चौदाव्या भागाएवढं, म्हणून दीडशे ग्रॅमच्या आत.

पंधरा लिटरला तीस मिली म्हणजे लिटरला दोन. तुमच्या अर्ध्या लिटरच्या फवाऱ्याला एक मिली. हे चमच्याने मोजू नका, औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली घेतात, पण ते सरळ पाण्यात मिसळत नाही. आधी तेवढ्याच द्रव साबणात घोटा, मग पाणी घाला. संध्याकाळी फवारा, पानाच्या मागच्या बाजूला फवारा, आणि आधी एकाच फांदीवर दोन दिवस पाहा.

रासायनिक कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल आणि पिवळा घरात आणूच नका, दुकानदार कितीही आग्रह करो. खायच्या भाजीवर काहीही फवारलं तर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा.

८. वाचायचं काय

राहुरी विद्यापीठाची "कृषिदर्शनी" दरवर्षी निघते आणि भाज्यांच्या प्रकरणात लागवडीचा महिना, वाण, रोग सगळं एका ठिकाणी मिळतं. कृषी खात्याचं "शेतकरी" मासिक आहे. व्हिडिओ पाहायचे तर आधी दोन गोष्टी बघा: करणारा कुठल्या गावचा आहे आणि तेच रोप दोन महिन्यांनी पुन्हा दाखवतो का. केळीच्या सालीचं पाणी घातल्यावर आठ दिवसांत फुलं आली, असं दाखवणाऱ्याने ते रोप नंतर कधीच दाखवलेलं नसतं.

९. बी धरा आणि वाटा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली. त्यांचं काम घरातूनच सुरू झालं. तुम्ही वाल, गवार, मेथी, लाल माठ यांपासून सुरुवात करा. सगळ्यात चांगल्या वेलाच्या दोन-चार शेंगा खायच्या नाहीत, त्या वेलावरच वाळू द्यायच्या. भोपळा, काकडी, दोडका यांचं बी इतक्यात धरू नका, शेजारच्या वेलाशी परागीभवन होऊन वाण बिघडतो. वाळलेलं बी सावलीत आणखी चार दिवस ठेवा, चाळलेली राख चोळा, कागदाच्या पुडीत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा. पुडीवर वाणाचं नाव, महिना, आणि बी मुळात कुणाकडून आलं ते लिहा. माझ्या डब्यातल्या गवारीच्या पुडीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव आहे, आणि त्यांच्या डब्यातल्या वालाच्या पुडीवर माझं.